काटा पोळीवर, तेल हिशेबाबाहेर

बाई ३४ वर्षांच्या. उंची १५८ सेंटिमीटर, जूनच्या मध्याला वजन ७४ किलो, कंबर ९२ सेंटिमीटर. राहायला मानेवाड्यात, नोकरी सिव्हिल लाइन्समध्ये, दिवसभर खुर्चीत बसून. घरात नवरा, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. जेवण शाकाहारी. भाजी-वरण सासूबाई करतात, पोळ्या सून लाटते. हे प्रकरण कुणा एकीचे नाही. वजन उतरवायला निघालेल्या नागपुरी घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून ते बांधले आहे. आकडे मात्र एकमेकांशी ताडून घेतले आहेत, कुणीही कागद-पेन घेऊन तपासावेत.

वजन कमी करायचे कारण खरे होते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २९.६ येत होता. आपल्याकडच्या माणसांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात. म्हणजे सुरुवातीत काही चुकले नव्हते. बाईंनी मोबाइलवर कॅलरी मोजायचे एक ॲप घेतले, 'आठवड्याला पाऊण किलो' हा पर्याय निवडला आणि ॲपने दिवसाला १२०० कॅलरींची मर्यादा आखून दिली.

हा आकडा कसा आला ते पाहू, कारण पुढचे बरेचसे दुखणे तिथूनच निघाले. मिफ्लिन-सेंट जोर सूत्रात बायकांसाठी वजनाची १० पट, उंचीची ६.२५ पट, त्यातून वयाची ५ पट आणि १६१ वजा करतात. इथे ७४० अधिक ९८७.५, वजा १७०, वजा १६१, म्हणजे साधारण १३९७. नुसते पडून राहिले तरी शरीर एवढे खर्चते. बैठ्या कामासाठी त्याला १.४ ने गुणले की दिवसाचा खर्च १९५५ कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तेव्हा आठवड्याला पाऊण किलोसाठी रोज ८२५ ची तूट लागते. १९५५ मधून ८२५ गेले की उरतात ११३०. ॲपला १२०० च्या खाली जायची परवानगी नव्हती, म्हणून ते तिथे थांबले. ज्या आकड्यासाठी या बाई दोन महिने रडवेल्या झाल्या, तो त्यांच्या गरजेतून निघालाच नव्हता. एका बटणाच्या निवडीतून आणि ॲपच्या तळमर्यादेतून तो आला होता.

बारा आठवड्यांनी, सप्टेंबरच्या सुरुवातीला, वजन ७१.२ किलो होते. २.८ किलो उतरले. ॲपने नऊ किलोंचे स्वप्न दाखवले होते, त्यामुळे बाईंच्या लेखी हे अपयश होते.

मधल्या काळात घरात काय काय बदलले ते सासूबाईंच्या तोंडून जास्त नीट कळते. भात बंद. सणाला केलेले गोड बंद. स्वयंपाकघराच्या ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि शेकलेली प्रत्येक पोळी त्यावर ठेवली जाऊ लागली. ३५ ग्रॅम भरली तर ठीक, ३९ भरली तर कडेचा तुकडा मोडून बाजूला. आधी ॲपमध्ये नोंद, मग घास. ऑफिसात कुणाच्या डब्यातले काही घ्यायचे नाही, कारण त्यात काय पडले आहे ते माहीत नाही. सकाळी उठल्यावर, आंघोळीनंतर आणि रात्री झोपताना वजनकाट्यावर उभे राहायचे. "काहून भात नाही खात वं? वरण तरी घे वाटीभर," हे सासूबाईंचे वाक्य आधी काळजीचे होते, ऑगस्टपर्यंत त्यात दुखावलेपण आले. आणि एका सकाळी मुलीने शाळेचा डबा काट्यावर ठेवून विचारले, "आई, माझा डबा किती ग्रॅमचा?"

आहाराचा सल्ला घ्यायला बाई आमच्याकडे आल्या त्या मात्र महालक्ष्म्यांनंतर.

विदर्भात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या जेवणात सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, वडे, ज्वारीची आंबील. ती पंगत ॲपमध्ये भरणार कशी? सोळा भाज्यांची एकत्र भाजी त्याच्या यादीत नव्हती. बाईंनी पहिली पुरणपोळी नोंदवली, दुसरी वाढली गेली, तुपाची धार पडली, आणि त्यांनी फोन पालथा ठेवला. "आजचा दिवस तर गेलाच," असे म्हणून त्या रात्री अकरापर्यंत खात राहिल्या, शेवटी शेवटी उभ्या उभ्या, डब्यातून. तिसऱ्या सकाळी काट्यावर २.३ किलो वाढ. पुढचे चार दिवस त्यांनी रोज ८०० कॅलरींवर काढले. पाचव्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात चक्कर आली.

२.३ किलोंचा हिशेब

पहिल्या भेटीत आधी हा एकच आकडा सोडवला. २.३ किलो चरबी चढायला गरजेच्या वर साधारण १७,७०० कॅलरी खाव्या लागतात. पुरणपोळ्या, वडे, तूप, रात्रीचे खाणे सगळे धरून त्या दिवशी फार तर १५०० कॅलरी जादा गेल्या असतील. त्याची चरबी होते २०० ग्रॅम. बाकीचे दोन किलो पाणी आणि आतड्यातले अन्न. महिनोन्महिने कमी खाल्लेल्या शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या पिष्टाचा, साठा उतरलेला असतो. गोडधोड आणि पिष्ट मिळाले की तो भरतो, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कढी-वड्यांतले मीठ आणखी पाणी अडवते. पाळीच्या आधीच्या दिवसांतही असेच एक-दोन किलो वरखाली होते. हे आधी माहीत असते तर ते ८०० कॅलरींचे चार दिवस टळले असते.

खरी चूक कुठे होती

नोंदवही उलगडली तेव्हा तीन गोष्टी सापडल्या. तिन्ही इतक्या सर्रास आढळतात की सविस्तर सांगणे भाग आहे.

पहिली तेलाची. ॲपमध्ये रोज 'तेल, दोन चमचे' एवढीच नोंद, म्हणजे १० मिलिलिटर, ८३ कॅलरी. फोडणी तर सासूबाईंच्या हातची. मोजायचे कसे? भाजी मोजू नका, डबा मोजा. तेलाचा ५ लिटरचा डबा फोडला की त्यावर खडूने तारीख लिहायची. या घरात तो ३६ दिवसांत संपला. दिवसाला १३९ मिलिलिटर, चार माणसांत वाटले तर डोक्यामागे ३५, म्हणजे जवळपास २९० कॅलरी. रोजच्या २०० कॅलरी हिशेबाबाहेर. पोळीचा चार ग्रॅमचा तुकडा मोडून वाचत होत्या दहा-बारा.

दुसरी शिजलेल्या-कच्च्याची. बाईंनी भाताची वाटी काट्यावर ठेवली, १५० ग्रॅम भरली, आणि ॲपमध्ये 'तांदूळ, १५० ग्रॅम' निवडले. कच्चा तांदूळ शंभर ग्रॅमला सुमारे ३५० कॅलरी, म्हणून एका वाटीचे सव्वापाचशे दिसले. शिजलेला भात १५० ग्रॅम म्हणजे १९५ च्या आसपास. त्या एका चुकीच्या नोंदीने या घरातला वरण-भात अडीच महिने बंद पाडला. चूक दाखवली तेव्हा बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तिसरी शनिवार-रविवारची. सोमवार ते शुक्रवार ॲप १२०० दाखवायचे, प्रत्यक्षात तेल आणि हातावरचे शेंगदाणे धरून १४५० होत होते. शनिवारी सकाळी तर्री पोहे यायचे आणि नोंद थांबायची. तर्री पोह्यांची एक प्लेट मांडून पाहा: पोहे ६० ग्रॅम कोरडे, २१०. फोडणीचे तेल दोन चमचे, ८३. हरभरे ५०. तर्रीवर तरंगणारे तेल शंभरच्या आसपास. वरची शेव १५ ग्रॅम, ८०. सव्वापाचशेच्या घरात जाते. ॲपवर तेच 'पोहे, एक प्लेट' कुठे १८०, कुठे ४५०, कारण त्यातल्या बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. सुट्टीचे दोन दिवस सरासरी २३०० वर जात होते. आठवड्याची बेरीज मांडली की दिवसाला १६९० निघते. १९५५ मधून ती वजा केली तर तूट २६५, आणि ८४ दिवसांत त्याचे होतात २.९ किलो. वजनकाट्याने २.८ दाखवले होते. शरीराने हिशेब बरोबर ठेवला होता. 'माझे चयापचयच मंद आहे' ही बाईंची समजूत तिथेच सुटली.

हे फक्त त्यांचेच होत होते असे समजू नये. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशाच दहा माणसांची तपासणी छापून आली होती, '१२०० च्या आत खातो तरी वजन हलत नाही' म्हणणाऱ्यांची. त्यांची नोंद खऱ्या खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी आणि व्यायामाची ५१ टक्के जास्त निघाली. मनगटावरच्या घड्याळाचेही तसेच. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या चाचणीत सात उपकरणांपैकी सर्वांत बरे उपकरणही कॅलरी खर्चात २७ टक्के चुकले, सर्वांत वाईट ९३ टक्के. या बाईंचे ॲप अंबाझरी तलावावरच्या चालण्याच्या फेरीनंतर '३०० कॅलरी परत' द्यायचे. ती सोय आम्ही पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितली.

मनाची बाजू इथेच येऊन मिळते. रोजच्या आकड्यात शे-दोनशेचा फरक पडणारच, हे एकदा पटले की १२४० झाले म्हणून रात्रीचे जेवण टाळण्याला आधार उरत नाही. आमच्या मते मोजणाऱ्या माणसाला द्यायची ही सर्वांत महत्त्वाची माहिती आहे, आणि नेमकी तीच कोणतेच ॲप पडद्यावर दाखवत नाही. ते १२४३ असा चार अंकी नेमका आकडा लाल रंगात दाखवते.

भुकेचे मनावर काय होते

१९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, दिवसाला सरासरी १५७० कॅलरींवर. ती माणसे दिवसभर खाण्याविषयी बोलू लागली, पाककृती जमवू लागली, एकेक घास लांबवू लागली. ती आधी मनाने खंबीर म्हणून निवडलेली होती. त्यामुळे रात्री दोनला पाककृतींचे व्हिडिओ पाहणाऱ्या बाईला 'मन घट्ट कर' सांगण्यात अर्थ नाही, तिला आधी संध्याकाळी पाचला खायला द्यावे. 'आजचा दिवस गेलाच' या भावनेचाही अभ्यास झालेला आहे. हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये काही तरुणींना आधी मिल्कशेक पाजले, मग आइस्क्रीम पुढे ठेवले. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले. रेषा जितकी बारीक तितकी ती ओलांडल्याची भावना लवकर येते, आणि एकदा ओलांडली की थांबायला जागा राहत नाही. म्हणून पुढच्या आखणीत एका आकड्याची रेष पुसून दोन आकड्यांमधला पट्टा ठेवला.

आखणीआधी दोन तपासण्या केल्या. खाण्याचे आजार हेरायला स्कॉफ नावाची पाच प्रश्नांची छोटी चाळणी आहे: पोट गच्च झाले म्हणून मुद्दाम उलटी काढता का, खाण्यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन उतरले का, लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजता का, खाण्याच्या विचाराने आयुष्य व्यापले आहे का. दोन 'हो' आले तरी पुढची तपासणी हवी. इथे दुसऱ्या आणि पाचव्याला 'हो' होते. मानसोपचारतज्ज्ञांनी पाहिले, उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या नव्हत्या, पाळी नियमित होती. आजार ठरला नाही, तरी वाट तिकडचीच होती, म्हणून सहा आठवडे समुपदेशन ठरले. उलटी, जुलाब, उपाशी राहून बेशुद्ध होणे, तीन महिने पाळी न येणे यांपैकी काही असते तर कॅलरी मोजणे तिथेच थांबवून उपचार सुरू झाले असते. त्यासाठी मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात जाता येते, फोनवर बोलायचे असेल तर टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ वर आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुले आणि पूर्वी खाण्याचा आजार झालेली माणसे यांनी ॲपच्या भरवशावर मोजत बसू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये.

दुसरी तपासणी रक्ताची. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन १०.४. बायकांत १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. चार महिने ज्याला त्या 'आळस' म्हणत होत्या तो हा होता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. चहा जेवणापासून आणि गोळीपासून तास-दीड तास लांब ठेवायचा, कारण तो लोह शोषू देत नाही. जेवणाबरोबर लिंबू किंवा संत्रे, कारण क जीवनसत्त्व शोषायला मदत करते. 'फळात साखर असते' म्हणून बाईंनी संत्रे सोडले होते. नागपुरात राहून! शंभर ग्रॅमला पन्नासही कॅलरी भरत नाहीत.

बदलले काय

पहिला उपाय फसला, तो आधी सांगतो. ॲप काढून टाकायला लावले. आठ दिवसांत कळले की फोनवरचे मोजणे आता डोक्यात चालू आहे, तेही चुकीच्या आकड्यांनी, आणि धास्ती दुप्पट. महिनोन्महिने लागलेली सवय एका झटक्यात सुटत नाही. मग उतरती पायरी धरली.

पहिले दोन आठवडे काट्यावर फक्त पाच वस्तू: तेल, तूप, साखर, शेंगदाणे आणि शेव-फरसाण. थोड्या मापात जास्त कॅलरी यांच्यातच असतात आणि डोळा यांच्याच बाबतीत फसतो. बाकी सगळे वाटीने. घरची वाटी एकदा पाण्याने मोजली, १५० मिलिलिटर निघाली. कणकेचे चार गोळे एकदाच तोलले, सरासरी ४२ ग्रॅम. त्यात पीठ साधारण २६ ग्रॅम, म्हणजे पोळीला ९० कॅलरी, वर तेल लावले तर त्याचे वेगळे. तो आकडा वहीत लिहिला आणि पोळी पुन्हा काट्यावर चढली नाही. पदार्थांचे आकडे ॲपच्या यादीऐवजी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांतून घेतले.

मर्यादेच्या जागी १५०० ते १७०० चा पट्टा, सातही दिवस सारखा. बाई घाबरल्या, "चारशेने वाढवायचे?" त्यांना त्यांचीच १६९० ची सरासरी पुन्हा दाखवली. एवढे त्या आताही खात होत्या, पाच दिवस उपाशी आणि दोन दिवस अपराधी राहून.

प्रथिने दिवसाला ३८ ग्रॅम भरत होती. सकाळी मोडाची मटकी (३० ग्रॅम कोरडी, ७ ग्रॅम प्रथिने), दुपारच्या डब्यात २०० ग्रॅम दही (७ ग्रॅम), आठवड्यातून चार दिवस रस्सा भाजीत २५ ग्रॅम सोयावडी (१३ ग्रॅम). एवढ्याने त्या दिवशी ती ६५ पर्यंत गेली. दुपारी पाचला चहाआधी मूठभर फुटाणे. या एका बदलाने रात्रीचे डबे उघडणे जेवढे कमी झाले तेवढे समुपदेशनाच्या पहिल्या तीन आठवड्यांतही झाले नव्हते, आणि हे समुपदेशकांनीही मान्य केले.

तेल एकदम कमी केले नाही. सासूबाईंना बोलावून तेलाच्या डब्याचा हिशेब त्यांच्याच समोर मांडला. सुनेच्या भातावर बोलून थकलेल्या त्या बाईंना आपला हात विचारात घेतला जातोय हे बरे वाटले असावे. डब्याचे ३६ दिवस त्यांनी जानेवारीपर्यंत ५२ वर नेले. पाटोडीचा रस्सा आणि वडाभात तसेच राहिले, फक्त रविवारी दोन्ही एका दिवशी होत नाहीत.

वजनकाटा तीन आठवडे शेजारी ठेवायला दिला. परत आल्यावर आठवड्यातून तीन सकाळी वजन, आणि वहीत फक्त त्यांची सरासरी. दर चार आठवड्यांनी कंबर.

तिसऱ्या आठवड्यापासून नोंद रात्री एकदाच, जेवण झाल्यावर. कॅलरीचा रकाना काढून तीन रकाने ठेवले: प्रथिनांचे काय खाल्ले, तेल-तूप किती, आणि जेवायला बसताना भूक शून्य ते दहात किती. भूक आठच्या वर गेली त्या दिवशी रात्री जास्त खाल्ले जाते, हे त्यांनी स्वतःच दहा दिवसांत हेरले. डिसेंबरपासून आठवड्यातून तीन दिवस नोंद, फेब्रुवारीत महिन्यातून एक आठवडा.

मुलीपुढे बोलायचे काही नियम घरात सगळ्यांनी पाळायचे ठरले. 'जाड', 'बारीक', 'आज पाप केलं' हे शब्द जेवताना नाहीत. काटा ओट्यावरून वरच्या फळीवर गेला. मुलीने विचारलेच तर 'भाजणी मोजायला लागतो'.

दिवाळीत पुन्हा घसरण झाली. चकली, अनारसे, संत्रा बर्फी, तीन दिवस नोंद नाही, आणि चौथ्या दिवशी उपास करायचा विचार. या वेळी उपास झाला नाही. सकाळी नेहमीचा नाश्ता झाला, वजनकाट्यावर १.६ किलो जादा दिसले, आणि आठ दिवसांत ते आपोआप उतरले. घरच्या कौतुकाने मात्र त्रास दिला. "किती बारीक झालीस गं!" असे कुणी म्हटले की त्या रात्री बाई जेवण कमी करायच्या. यावर समुपदेशनात अजून काम चालू आहे.

फेब्रुवारीअखेर वजन ६७.६, कंबर ८६, हिमोग्लोबिन १२.१. कागदावर आठवड्याला ३०० ग्रॅम निघत होते, प्रत्यक्षात दीडशे पडले. मधे दिवाळी आणि लग्ने होती, शिवाय वजन उतरले की शरीराचा खर्चही थोडा घटतो. वेग वाढवायचा का, असे विचारल्यावर बाईंनी आधी विचारले, "मग भात राहील ना?" वेग तोच ठेवला.

आता नागपूरचा उन्हाळा तोंडावर आहे. अंबाझरीची फेरी मार्चपासून साडेपाचला, एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या आत घरी. नोंदीचा पुढचा आठवडा आमरस सुरू होईल तेव्हा धरला आहे. वाटीभर रस साखरेविना नव्वदच्या आसपास, दोन चमचे साखर घातली तर १३०. पोळ्या किती होतात ते तेव्हा पाहू.